नदीकडे निघालेला म्हातारा

मला हेडक्लार्क व्हायला इतकी वर्षं का लागली, विचारता ना? एका म्हाताऱ्यामुळे.

घर हिंगोलीत आणि नोकरी सेनगावला, ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. बढती मिळाली की बदली घराजवळ होणार होती, जीपला लोंबकळणं सुटणार होतं. त्यासाठी खात्याची परीक्षा होती आणि तीत इंग्रजीचा पेपर. वीस वाक्यं दिलेली. क्रियापदाखाली एक रेघ मारायची, क्रियाविशेषणाखाली दोन. पहिली दोन वाक्यं सरकारी होती, ती लगेच उरकली. तिसऱ्यात एक म्हातारा सावकाश नदीकडे चालला होता. भर दुपार, डोक्यावर पंखा कुरकुरतोय. बघतो तर नदी आपली कयाधूच. वाळू तापलेली, पलीकडे मेंढरं चरताहेत आणि म्हाताऱ्याला कसलीच घाई नाही. मग मीही त्याच्या मागे चालू लागलो.

पर्यवेक्षकांनी बाकावर टिचकी मारली. "भाऊसाहेब, काहून थांबलात?"

"म्हातारा अजून पोचला न्हाई, सर."

"अहो, रेघ मारायची हाय, त्याच्यासंगं जायचं न्हाई!"

तेवढ्यात घंटा झाली.

घरी बायको दारातच उभी होती. तिला सगळं खरं सांगून टाकलं. तिनं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्या म्हाताऱ्याची बायको कुठं होती?"

"वाक्यात नव्हती."

"तेच म्हणते मी. असती तर आधी रेघा मारून घेतल्या असत्या तिनं, मग जाऊ दिलं असतं नदीवर."