वर ठेवलेले नंबर

— परत तेच चाक फिरतंय ना? मला दिसतंय, प्रज्ञा, डोळे शाबूत हायत माझे. पांढरं पान नि मधी ते चाक. तीनदा तू पान नव्यानं उघडलंस, दुसरा ब्राउझर लावलास, ती काळी खिडकी काढलीस, साठलेला कचरा पुसलास — आणि चाक आपलं फिरतंय. दिवेआगरवरनं म्हसळ्यापर्यंत एसटीत उभी राहून आलेय मी, तुझ्या दुकानात चाक बघायला न्हाय.

सांगितलं ना, फोन विहिरीत गेला. पंप का बंद पडला बघायला वाकले नि पोलक्यातनं सटकला. नव्या फोनात सिम तेच, नंबर एक न्हाय. केतन, माझा भाचा, म्हणाला, मावशी, नंबर सिममधी नव्हतेच, ते वर हायत, कंप्युटरवर ईमेल घाल, दिसतील. म्हणून हा जुन्या फोनचा खोका आणला, यावर ईमेल नि पासवर्ड लिहिलेला हाय. — अक्षर माझं कुठलं, मी चौथी शिकलेली. आरोहीचं, माझ्या मुलीचं. फोन तिनंच चालू करून दिलेला, लग्नाच्या आधी.

नंबर कशाला म्हंजे? पाहुणे ठेवते ना मी, चार खोल्या. वही कोण लिहीत बसतंय, मी नावातच सगळं लिहिते — ‘डोंबिवली कोलंबी चालत न्हाय’, ‘पुणे दोन म्हाताऱ्या खालची खोली’ — फोन वाजला की कोण काय खातंय ते कळतं. सगळे न्हाय मिळाले तरी चालतील, बाय. एक मिळू दे. — कुणाचा ते तुला काय करायचंय? चाक बघ तू.

आरोहीचाच, दुसरा कुणाचा. नवा नंबर केतनकडनं घेतला होता, शिव्या घालायला पाहिजे म्हणून. आता परत कुठल्या तोंडानं मागू त्याच्याकडं? परवा शेजारची रतन सांगत आली, आरोहीला नववा लागला. पहिलं बाळंतपण आईकडं करतात, तुमच्यात पण तसंच ना? तुमच्यात म्हंजे — हां, धम्मदीप तुमच्यातलाच हाय, तिचा नवरा. रोह्याला शाळेत शिकवतो. तसा चांगला हाय मुलगा. तसा म्हंजे काय, चांगलाच हाय. असं बघू नकोस माझ्याकडं. तेव्हा मी काय काय बोलले ते सांगितलं तर मशीन बंद करून मला बाहेर घालवशील, नि बरोबरच करशील. माझी पायरी चढू नकोस, एवढं म्हणून थांबले असते तरी — पण मी थांबते कुठं? दीड वर्ष झालं. तिनं फोन केला न्हाय, मी केला न्हाय.

आता काय केलंस? बाहेर पडून परत आत शिरायचं? कर. हां, काहीतरी आलं. वाच. — ‘फोनवर विचारलंय, होय दाबा.’ माझ्या फोनवर तर काय न्हाय. कुठला फोन? ‘आरोहीचा फोन’? तिच्या फोनवर कशाला विचारतंय, ईमेल माझं हाय. — माझं न्हाय? तिचंच? म्हंजे कार्टीनं माझं वेगळं काढलंच न्हाय, आपलंच घालून दिलं. मग मी लिहिलेली नावं इतके दिवस — तिला दिसतात? सगळी?

थांब जरा. ‘आरोही करायचा न्हाय’ असा ठेवला होता मी तिचा नंबर. गणपतीत बदलला, ‘आरोही तिनं केला तर उचलायचा’. नि परवा, रतन सांगून गेल्यावर, ‘आरोही नववा डिंक खारीक आणायची’. विसरू नये म्हणून लिहिलं गं, तिनं वाचायला न्हाय. हे सगळं बघत बसलीय ती रोह्याला, नि एक फोन करवला न्हाय तिला. माझ्यावर गेलीय.

बंद कर, प्रज्ञा. काढ ते पान. न्हाय दाबणार ती. मी असते तर दाबलं नसतं — मला वाटलं असतं, चोर शिरतोय कोण. किती वेळ वाट बघतं ते? बंद केलंस का? — नको करू. मी म्हटलं म्हणून लगेच करायचं असतं का? राहू दे जरा.

हललं काय ते? — नावं आली. हायत की सगळी. म्हंजे तिनं दाबलं. आत्ताच दाबलं, हातात फोन हाय तिच्या. सरक तू, खुर्ची दे मला. नंबर वाचू नकोस, आकडे येतात मला. तू जरा बाहेर उभी राहा. — दुकान तुझं हाय, माहीत हाय मला. जा.