खैरूनची शेवटची कोंबडी

कुरखेड्याच्या गुरांच्या दवाखान्यात गुणवंतराव बैलाचं औषध न्यायला थांबले होते. पुढे खैरूनबाई होती. तिच्या मांडीवरच्या कोंबडीला उभं राहता येत नव्हतं.

"खाद्यात काय टाकलं, बाई?" डॉक्टरांनी विचारलं.

"ही पावडर. आमचे मालक पोल्ट्रीवर कामाले होते, तिथूनच आणली होती त्यायनं. म्हणत, यानं कोंबडी लवकर भरते."

"यात आर्सेनिक असते, जास्त झालं तं विषच. किती टाकली?"

"मूठभर."

"मूठभर? पोतंभर खाद्याले चिमूटभर पुरते! मालकाले विचारलं नाई काऊन?"

"ते पोळ्याच्या आधी वारले, साहेब. त्यायच्या मागं कोंबड्या सुकल्यावानी दिसत होत्या. मले वाटलं, जास्त टाकली तं जल्दी सुधारतीन."

"बाकीच्या कुठी हायेत?"

"अकरा मेल्या. त्यायनं हातानं वाढवल्या होत्या साऱ्या. ही एकच राह्यली."

डॉक्टरांनी कोंबडीचे पाय हलवून पाहिले.

"हिच्यात आता काही राह्यलं नाई, बाई."

"थोडं पाणी पाजू काय तिले?"

"पाजा."

गुणवंतरावांनी आपल्या बाटलीचं झाकण काढलं, पाण्यानं भरलं आणि खैरूनबाईपुढे धरलं.