फ्रीजची राखण

मी मुळात कमी बोलते, तरी मागच्या थंडीत आईनं मला फ्रीजची राखण करायला बसवलं. येळवसला, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाला, आमच्या शेतात वीस-पंचवीस माणसं जेवायला येणार होती. त्या दिवशीच्या भज्जीला, म्हणजे मिसळीच्या भाजीला, लागणारे तुरीचे सोले ऐनवेळी बाजारात मिळत नाहीत, म्हणून आईनं शेंगांचं पोतं आणलं आणि आम्ही दोघींनी आठ दिवस सोलून फ्रीझर गच्च भरला. कामावर जाताना आई म्हणाली, "कुणी मागितलं तर न्हाई म्हणायचं." मला तर कुणालाच नाही म्हणता येत नाही.

दुपारी शेजारच्या सुमनकाकू आल्या. "सोल्यांची एक पिशवी दे गं. पाहुणे आलेत."

मी फ्रीजला पाठ लावून उभी राहिले. "काकू, लाइट गेलीय. आता उघडला तर सगळं खराब होईल."

काकूंनी चालू टीव्हीकडं पाहिलं. "मग हे काय हाय?"

माझे कान तापले, पण मी हलले नाही. "फक्त फ्रीजची गेलीय."

काकू रिकाम्या हातानं परत गेल्या.

संध्याकाळी मी आईला सगळं सांगितलं. तिनं कपाळाला हात लावला. "अगं, ते शेंगांचं पोतं काकूंनीच दिलं होतं, त्यांच्या शेतातलं. जा, दोन पिशव्या देऊन ये."

मी पिशव्या घेऊन निघाले, तशी ती मागून म्हणाली, "आणि लाइट आली म्हणून सांग."