जळक्या दाण्यांचा परवाना

(धुळे, १९५६. कॉलेजात इतिहास शिकवणारे झुलाल आणि त्यांची थोरली बहीण भिकुबाई. स्वयंपाकघर.)

झुलाल : अक्का, आली! दिल्लीहून परवानगी आली गं! सोड ते पीठ!

भिकुबाई : अरे भाऊ, दम खा. कसानी परवानगी?

झुलाल : तापीकाठच्या पांढरीत, त्या जुन्या गावाच्या टेकाडात, आम्हाला मडकं सापडलं ना, त्यातले जळके दाणे परदेशी पाठवायची! तिथल्या विद्यापीठात कोळशावरून वय काढतात. आपल्याकडे ती सोय नाही.

भिकुबाई : तो गोरा प्राध्यापक उना व्हता, तो तर खिसामाच टाकी लई जात व्हता.

झुलाल : म्हणून तर अडवला त्याला! जुनी वस्तू देशाबाहेर न्यायची तर सरकारचा परवाना लागतो, कायदाच आहे. कॉलेजात सगळे हसले मला. आता हसा म्हणावं! कुठंय मडकं?

भिकुबाई : कोठीमागे शे. काळजी करू नको, राख कालवी ठेयेल शे मी.

झुलाल : राख?

भिकुबाई : चुल्हानी. किडा नको पडाले. बठ्ठा धान्यले लावस मी.

झुलाल : अक्का! जळक्या दाण्यांना कसली कीड? घात केलास! आता वय निघेल ते आपल्या चुलीचं! संपलं सगळं.

भिकुबाई : मन्हा डोकावर खापर फोडू नको. माले सांगं व्हतं का तू? आन रडू नको. पहिली मूठ मी देवीपुढे काढी ठेयेल शे.

झुलाल : राखेच्या आधी?

भिकुबाई : आधीच! घरमा नवं धान्य उनं की पहिले देवीले. धुयेल फडकामा पुडी बांधेल शे.

झुलाल : कुंकू? तेल?

भिकुबाई : काहीच नही.

झुलाल : अक्का, पाय कुठे आहेत तुझे? आण ती पुडी! देव्हाऱ्यात होती, हेही मी खरं खरं लिहून देईन.

भिकुबाई : थांब. देवीले दियेल शे ते. दिल्लीले इचारं, इले कोन इचारी? फूल लायीसन कौल मांगस मी. उजवं पडनं तर लई जा.

झुलाल : लाव बाई, लाव.

भिकुबाई : बोलू नको आते.

झुलाल : हललं... पडलं! उजवं पडलं, अक्का!

भिकुबाई : ले. परत कधी यी ते?

झुलाल : परत नाही येणार. वय काढायचं तर दाणे जाळावे लागतात.

भिकुबाई : आखो जाळतीन? कोन्ही तरी बाईनी पोरेसकरता राखेल व्हतात रे ते. भाऊ, त्या गोराले लिही, जाळाना आधी हात जोडजो.