मूळ रूपात कुणी मागितलं होतं?

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या जुन्या सिंथेसायझरवेड्यांच्या मंडळाचे संस्थापक आणि निवृत्त मुख्याध्यापक सर. व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे, संगीतकार महोदय. आत्ताच माझी नको तेवढी स्तुती करून खाली बसलेले आमचे दंतवैद्य, ज्यांना मंडळात सगळे नुसतं डॉक्टर म्हणतात. मंडळाचे सर्व सभासद, त्यांच्याबरोबर नाइलाजाने आलेल्या त्यांच्या बायका, आणि दुसऱ्या रांगेत बसलेली माझी मुलगी व जावई, तुम्हा सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

निरोपाला उत्तर देताना गोड बोलायचं असतं, हे मला ठाऊक आहे. मी तसं लिहूनही आणलं होतं. ‘आपल्या प्रेमाने मी भारावून गेले आहे,’ अशी त्याची सुरुवात आहे. ते मी आता वाचणार नाही, कारण मी भारावलेली नाही. मी संतापलेली आहे. अध्यक्षांची परवानगी असेल तर तेवढंच बोलते. आहे ना, सर? मान हलली, म्हणजे आहे.

बघा, माइकने शिट्टी मारली आणि निम्मी सभा उठून उभी राहिली! बसा, बसा. अहो, चौघे एकदम कुठे निघालात? मी जरा मागे सरकते, आपोआप थांबेल. थांबली की नाही? काही दिसलं की उघडायची तुम्हाला कोण घाई! आणि आज मला नेमकं ह्याच घाईबद्दल बोलायचं आहे.

आधी इथल्या बायकांसाठी दोन शब्द सांगते. तुमच्या घरातली एक अख्खी खोली जे खाऊन बसलंय ते नक्की काय आहे, हे तुम्हाला कुणी धड सांगितलं नसणार. सिंथेसायझर म्हणजे विजेवर आवाज तयार करणारं वाद्य. त्यातलं जुनं असेल तर त्याला एका वेळी एकच सूर जमतो, फार तापलं की ते सुरावरून घसरतं, आणि काल सांगितलेलं आज त्याच्या लक्षात राहत नाही. तुम्हाला हे सगळं ओळखीचं वाटत असेल. हसू नका, तुमच्या शेजारीच बसलेत ते.

ह्या माणसांवर माझा जीव आहे, हेही सांगून टाकते. आमचे हे गेले, तेव्हा मंडळाने मला घरी एकटं बसू दिलं नाही. दर बैठकीला कुणीतरी न्यायला यायचं. बँकेतल्या कॅशियरसाहेबांनी बिस्किटाच्या डब्यात सिंथ बसवला, तो पहिल्यांदा ऐकायला मला बोलावलं. तो डबा झाकण उघडलं की रडायचा. त्यांच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “ह्यांनी ह्यापेक्षा एखादं मांजर पाळलं असतं.” असं हे कुटुंब आहे. परवा मी कायमची मुलीकडे राहायला जाते आहे, आणि तिकडे मला ह्या लोकांची आठवण येणार आहे. म्हणून तर जास्त लागलं मला. परक्याने केलं असतं तर दोन शिव्या घालून गप्प बसले असते.

काय झालं ते सांगते. मध्यंतरी एकदा डॉक्टर आणि आणखी दोघे घरी आले. “ताई, तुमच्या निरोपाला प्रदर्शन ठेवतोय. थोरलीला द्या की. जरा पुसून आणतो.” थोरली म्हणजे हा सिंथ, इथे मखमलीवर ठेवलाय तो. लग्नाआधीपासून ह्यांच्याकडे होता, म्हणून ह्यांनी त्याचं नाव थोरली ठेवलं. आमची मुलगी एकुलती एक असून जन्मापासून धाकटी आहे ती त्यामुळे. मी म्हटलं, न्या. पुसून आणतो म्हणाले होते. पुसून! माझ्या कानांनी ऐकलंय मी.

आणि आज मघाशी मंडळींनी थोरलीवरचं कापड ओढलं. पॅनेल लखलखीत, नव्या पट्ट्या, प्रत्येक बटण एकसारखं. मग डॉक्टरांनी माइक हातात घेतला. काय म्हणालात डॉक्टर तुम्ही? मला पाठ झालंय. “आत कुणा अडाणी मेकॅनिकने धुमाकूळ घातला होता. वाट्टेल तिथे तारा जोडलेल्या, पट्ट्यांखाली सडका स्पंज कोंबलेला. आम्ही सगळी घाण काढली, जगभर शोधून मूळ भाग मिळवले, आणि ताईंसाठी सरप्राइज म्हणून थोरली कारखान्यातून निघाली तशी, मूळ रूपात आणली.” टाळ्यांचा कडकडाट झाला. सवयीने मीही दोन वाजवल्या.

डॉक्टर, तो अडाणी मेकॅनिक मी आहे.

धाकटे, तू डोळे वटारू नकोस, आज मी ऐकणार नाही.

मी श्रवणयंत्रांच्या दुकानात नोकरीला होते, हे मंडळात सगळ्यांना माहीत आहे. तिथे मी काय करायचे, हे मात्र तुमच्यापैकी एकानेही कधी विचारलं नाही. काउंटरवर बसून गोड बोलत असेन, असं धरून चाललात. अहो, मी मागच्या खोलीत दुरुस्त्या करायचे! नखाएवढ्या यंत्रात तार जोडायचे. तुमच्यातले कित्येकजण आजही तारा जोडायचं सोल्डर लावतात ते भिंतीला सिमेंट थापल्यासारखं. ते बघून मी तोंड फिरवून चहा प्यायलेय.

आमचे हे, म्हणजे तुमचे मास्टर, हॉटेलच्या बँडमध्ये वाजवायचे, स्टुडिओत वाजवायचे. आणि ऐन उमेदीत त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. कपातला चहा बशीत यायचा. तेवढं मी निभावून नेलं असतं. पण थोरलीचा स्वभाव असा की पट्टी दाबली की सूर नव्याने सुरू होतो. थरथरतं बोट पट्टीवर ठेवलं की तीच पट्टी दहा वेळा दाबली जायची, आणि एक सूर तुटून तुटून यायचा. हे एक दिवस उठले आणि म्हणाले, “विकून टाक हिला. मी हात लावला की ही तोतरं बोलते.” आणि जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. ह्या माणसाला मी त्याआधी कधी भिंतीकडे तोंड करून झोपलेलं पाहिलं नव्हतं. मला फार भीती वाटली.

मग मी थोरली उघडली. एक छोटा सर्किटचा बोर्ड बनवला. एकदा पट्टी दाबली की बोटाच्या बारीक उड्यांकडे तो दुर्लक्ष करायचा. सूर अखंड झाला. मला वाटलं, जिंकले. हे वाजवायला बसले, थोडं वाजवलं आणि हात मागे घेतला. म्हणाले, “सूर सरळ आला गं, पण ह्यात मी कुठे आहे?” मला असा राग आला! एवढं केलं आणि ह्यांचं नाक वर. मग पुढे काही दिवस आम्ही बोलत नव्हतो, आणि त्या अबोल्यात मला सुचलं. थरथर फेकून कशाला द्यायची? ती सुरातच घालू.

चिपा ज्या काळ्या फोममध्ये टोचून येतात, तो तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. दाबला की त्यातून वीज जास्त जाते, सोडला की कमी. त्याचा लांब तुकडा कापून मी पट्ट्यांच्या खाली घातला आणि तारा त्या बोर्डावर नेल्या. आता बोट जसं थरथरेल तसा सुराचा रंग हलायचा. किती हलावा, ते ह्यांना वाजवायला बसवून, ऐकत ऐकत ठरवलं. एकेक भाग लावायचा, काढायचा, दुसरा लावायचा. ह्यांनी एक लांब सूर धरला. तो थरथरत उभा राहिला, पडला नाही. ह्यांनी लगेच धाकटीला हाक मारली आणि म्हणाले, “तुझ्या आईने काय केलंय ते ऐक.” डॉक्टर, तुम्ही काढून टाकलेला सडका स्पंज तो हा.

आता खरी गंमत ऐका. ज्या ध्वनिमुद्रणांवर तुम्ही जीव टाकता, ‘मास्टरांचा कंप, मास्टरांचा कंप’ म्हणून डोळे मिटून माना डोलावता, ती सगळी त्यानंतरची आहेत. ह्या कंपावर मंडळात किती वाद झाले! कॅशियरसाहेब म्हणायचे, टेप खराब असणार. कुणी म्हणालं, त्या स्टुडिओत वीजच कमीजास्त व्हायची. आणि डॉक्टरांनी तर पडद्यावर चित्रं दाखवून व्याख्यान दिलं की हा कंप म्हणजे आतल्या जुनाट झालेल्या कपॅसिटर नावाच्या भागाची देणगी आहे. वर्षानुवर्षं तुम्ही ज्याच्या शोधात होतात, ते शेवटी तुमच्या हाताला लागलं, आणि तुम्ही ते घाण म्हणून काढलंत! ह्याला काय म्हणावं?

तुम्ही म्हणाल, ताई, तुम्ही कधी सांगितलं नाहीत. नाही सांगितलं. हात थरथरतो हे जगाला कळू द्यायचं नाही, असं ह्यांनी मला बजावलं होतं, आणि तो त्यांचा हक्क होता. पण उघडण्याआधी तुम्ही विचारायचं होतंत. माझा फोन तुमच्या सगळ्यांकडे आहे. आत एक अनोळखी बोर्ड दिसला, त्याचा एकही जोड सुटलेला नाही, तारा रंगांप्रमाणे लावलेल्या. एवढं नेटकं काम कुणी कशासाठी केलं असेल, असा प्रश्न एकालाही पडला नाही? पडला असता, जर तुम्ही त्या यंत्राकडे पाहत असतात. तुम्ही कारखान्याच्या जुन्या फोटोकडे पाहत होतात.

आणि आता हे मानपत्र. सरांनी फार सुंदर अक्षरात लिहिलंय, अक्षराबद्दल तक्रार नाही. ‘पतीचे अनमोल वाद्य त्यांनी डोळ्यांत तेल घालून जपले.’ सर, माफ करा, पण हे खोटं आहे. मी जपलं नाही. मी ते उघडलं, कापलं, त्याला भोकं पाडली. त्यात मला हवं ते घातलं. जपायचं असतं तर चादर घालून कोपऱ्यात ठेवलं असतं, आणि हेही त्याच्या शेजारी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले असते. ते वाक्य खोडा. आत्ता नको, नंतर खोडा, पण खोडा.

आता मुद्द्याचं. डॉक्टर, उभे राहा. खाली बघू नका, मी दात मोजत नाहीये. तो बोर्ड कुठे आहे?

मोठ्याने बोला, मागच्यांना ऐकू येत नाही.

गाडीच्या डिकीत!

हुश्श. नाही, थांबा, मला जरा पाणी द्या. मघापासून मी ह्या एकाच उत्तरासाठी उभी होते. तुमच्यातला एकही माणूस आयुष्यात जुना भाग फेकत नाही, ह्या एका खोडीवर माझी सगळी भिस्त होती. कारण त्या बोर्डाचा नकाशा नाही. मी कधी काढलाच नाही, कशाला काढायचा, माझंच तर होतं. आणि तो वाजवून वाजवून जुळवलेला होता. वाजवणारा आता नाही, तेव्हा पुन्हा तसा जुळवता येणार नाही. फोम फेकला? फेकला असू दे, फोम तुमच्या सगळ्यांच्या ड्रॉवरमध्ये आहे, बाहेर प्रदर्शनाच्या टेबलावरही मी पाहिला. तिथे सोल्डर वितळवायचं पेनही गरम होतं आहे. कॅशियरसाहेब, तुम्ही फोम आणि पेन आणा. डॉक्टर, तुम्ही डिकी उघडा. पाहुण्यांनी कृपा करून आपली खुर्ची थोडी बाजूला घ्यावी, टेबल लागणार आहे.

धाकटी खूण करते आहे की आई, हे घरी गेल्यावर करू. नाही गं, परवा सामान निघणार. आणि आणखी एक कारण आहे, ते तुलाही सांगितलेलं नाही. माझ्या हातातला हा कागद मघापासून हलतोय. सगळ्यांना वाटलं असेल, बाई रागाने थरथरतेय. राग आहेच. पण हा हात सकाळी भाजी चिरतानाही असाच असतो, आणि तेव्हा मी कुणावर रागावलेली नसते. रडू नकोस. ऐक. मला थोरली आठवण म्हणून नेऊन ठेवायची नाहीये. मला ती वाजवायची आहे. ह्यांच्या हातासाठी केलेली सोय आता माझ्या हाताला लागणार आहे, आणि ती ह्या लोकांनी माझ्या सत्काराच्या नावाखाली काढून टाकली.

पेन मला आता धरवत नाही. म्हणून डॉक्टर, सोल्डर तुम्ही करायचं, आणि मी सांगेन तस्संच करायचं. तुमचा हात स्थिर आहे, तुमच्या खुर्चीत बसून मी तो अनुभवलाय. फक्त स्वतःचं डोकं मध्ये घालू नका.

पुष्पगुच्छाबद्दल, चहाबद्दल, इतक्या वर्षांच्या सोबतीबद्दल मंडळाची मी ऋणी आहे. अध्यक्षांनी आणि पाहुण्यांनी एका चिडलेल्या बाईचं बोलणं मध्ये न अडवता ऐकून घेतलं, त्यांचेही आभार. माझ्या तोंडून काही कमीजास्त गेलं असेल तर सभेने ते पोटात घालावं. डॉक्टरांचं मात्र मी एवढ्यात पोटात घालणार नाही. आधी सूर ऐकेन, मग बघू.