डॉक्टर लाहिरींची अर्धी गोष्ट

"डॉक्टर, तुम्ही आधी लेखक की आधी डॉक्टर?"

हे विचारून दाखवायची मैत्रिणींनी पैज लावली होती, शिवाय अकरावीला सायन्स घ्यावं की आर्ट्स, हे माझं ठरत नव्हतं. म्हणून खराडीच्या दवाखान्यात बंगाली कथाकार डॉक्टर लाहिरींना विचारलंच.

"थांब, आधी या आजींना बघतो. आजी, साखर वाढलीय."

"ते असू द्या. तुमच्या गोष्टीतली ती नावाडीण घरी पोचली का?"

"गोड बंद करा, पुढच्या महिन्यात सांगतो."

"मागच्या महिन्यातही हेच म्हणालात."

"मागच्या महिन्यात तुम्ही आमरस ओरपलात."

"अहो, लेखक होतात ना? मग डॉक्टर कशाला झालात?" आजींनी माझाच प्रश्न विचारला.

"नाहीतर तुम्ही कुठे भेटला असतात?"

घरी येऊन मी जाहीर केलं, "आई, बाबा, मी सायन्स घेतेय. पण जास्त मार्कांसाठी मराठी सोडून दुसरा विषय घेणार नाही."