पहिलं पान

सनईवाला कृष्णराज म्हणजे बलभीमाचा मुलगा, निवृत्तीचा नातू, दगडूचा पणतू. येरमाळ्याच्या स्टँडवर तो बायकोला मोबाइल दाखवीत होता आणि मागच्या बाकावर तुळजाबाई ऐकत होत्या.

“चिनी वाद्यवृंद हाय, व्हिएन्नात. ही त्यांची सनईच समज.”

“आन् गोरी माणसं गुमान ऐकत्यात?”

“व्हय. मधी कुणी बोलतबी न्हाय.”

“हितं तुमची सनई वरणभातासंगं गिळत्यात.”

“आज्ज्याला तर वरणभातबी मिळाला न्हाय. तुळजाबाईंच्या लग्नात दिवसभर वाजवलं, जेवायला कुणी बोलावलंच न्हाय.”

“आन् उद्या तुम्ही त्यांच्याच नातीच्या लग्नात वाजवणार.”

“कृष्णराज, तुळजाबाई मीच. उद्या पहिलं पान तुझं. तू जेवल्याशिवाय नवरदेवही बसणार नाही.”

दुसऱ्या दिवशी भरल्या मांडवात वऱ्हाड ताटकळत उभं होतं आणि तुळजाबाई स्वतः तूप वाढीत होत्या.

“पुरे आता, आजी.”

“हे तुझं झालं. आता निवृत्तीबुवांच्या वाटचं जेव.”